सवलत द्यावी की जाहिरात वाढवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघी भागीदार मिळून लॅपटॉप ठेवायच्या, पाठीवर घ्यायच्या बॅगा बनवता. माल चांगला आहे, घेतलेले लोक नावाजतात, पण विक्री एका जागी अडकली आहे. सहा महिने जाहिरातीवर पैसे घातले. लोक येतात, पाहतात आणि न घेता जातात. आता एकीचे म्हणणे, किंमत दहा टक्क्यांनी उतरवू; दुसरीचे म्हणणे, जाहिरात दुप्पट करू. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: 'तुमची बॅग इतरांपेक्षा वेगळी काय, असे कोणी विचारले की आम्ही अडखळतो.'

मी वीसहून जास्त वर्षे याच कामात आहे, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणे. सध्या किंमतही उतरवू नका आणि जाहिरातही वाढवू नका. तुम्ही जी ओळ शेवटी लिहिली आहे ती सर्वात आधी यायला हवी होती. बाकीचे दोन्ही प्रश्न तिच्या उत्तरावर उभे आहेत.

पण किंमत उतरवायचा मोह मोठा असतो, कारण ते आज ठरवले तर आज होते. म्हणून तो हिशेब आधी मांडू. एका बॅगेची किंमत १०० धरा. कापड, अस्तर, चेन, शिलाई, खोके, पाठवणी असा दर बॅगेमागचा खर्च ७० धरा. जागेचे भाडे आणि पगार यात घालू नका. एक बॅग कमी विकली म्हणून ते कमी होत नाहीत. म्हणजे बॅगेमागे ३० उरतात आणि १०० बॅगांवर ३,०००. आता किंमत ९० केली. खर्च ७० वरच आहे, उरले २०. तेच ३,००० हाती यायला आता १५० बॅगा विकाव्या लागतील. दहा टक्के सवलत भरून काढायला पन्नास टक्के जास्त विक्री! तुमच्या दोघींपैकी कोणालाही दहा टक्क्यांनी विक्री दीडपट होईल असे मनापासून वाटते का?

आता उलट बाजूने पाहा. किंमत ११० केली तर बॅगेमागे ४० उरतात आणि ३,००० साठी ७५ बॅगा पुरतात. चारातले एक गिऱ्हाईक सोडून गेले तरी तुमच्या हातात तेवढेच पैसे राहतात. किंमत वाढवाच असे मी म्हणत नाही. पण किंमत खाली ढकलणे आणि वर नेणे यांचे वजन सारखे नसते, हे कागदावर आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही. तुमचे खरे आकडे घालून हा तक्ता दोघींनी एकत्र बसून करा.

याच तक्त्यात जाहिरातही घाला. जाहिरातीच्या एका फेरीला ३,००० लागतात असे समजा. बॅगेमागे ३० उरत असतील तर त्या फेरीने १०० जादा बॅगा विकल्या तर खर्च निघतो. सवलत देऊन २० च उरत असतील तर १५० बॅगा लागतात. ४० उरत असतील तर ७५. जाहिरातीचा दर कोणी वाढवला नाही, मजकूर बदलला नाही, तरी सवलत दिली की तीच जाहिरात तुम्हाला दीडपट महाग पडली. 'थोडी सवलत देऊ आणि जोरात जाहिरात करू' हा मधला मार्ग सगळ्यांना सुचतो. एकमेकांचा जोर खाणाऱ्या दोन गोष्टी त्यात एकत्र बांधलेल्या असतात.

सवलतीचा दुसरा तोटा उशिरा दिसतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी टेबलावरचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्याचे काम पाहत होते. विक्री मंदावली की आम्ही सवलत काढायचो, आणि विक्री लगेच उसळायची. वर्षात चार वेळा असे झाले. पाचव्या वेळेपर्यंत दुकानदार शहाणे झाले होते. ते सवलतीत दोन महिन्यांचा माल उचलून ठेवत आणि मधल्या काळात एकही दिवा मागवत नसत. वर्षाचा हिशेब लागला तेव्हा विकलेले दिवे जवळपास पूर्वीएवढेच होते, फक्त ते स्वस्तात गेले होते. तो सल्ला माझा होता आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण पुढच्या वर्षी तिथल्या माणसांचे जादा कामाचे तास बंद झाले.

आणि ही सवय लावणे सोपे, मोडणे फार अवघड. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपन आणि सततचे सेल बंद करून बाराही महिने सरळ, कमी किंमत ठेवायचे ठरवले. हिशेबाने ग्राहकाचा तोटा नव्हता. तरी त्या एका वर्षात विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घसरली आणि २०१३ मध्ये प्रमुखाला जावे लागले. ग्राहकाला 'सवलतीत मिळाले' या समाधानाची ओढ लागली होती. ते समाधान काढून घेतल्यावर खरी किंमत त्याला किंमतच वाटेना. तुम्ही अजून ही सवय लावलेली नाही, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

अर्थशास्त्रात मालाच्या वेगळेपणाचा विचार एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ मध्ये नीट मांडला. त्यांचे सांगणे असे की बाजारात पुष्कळ विक्रेते असले, तरी ज्याचा माल थोडासा का होईना वेगळा आहे, त्याची त्या वेगळेपणापुरती एक छोटी मक्तेदारी असते. किंमत ठरवण्याची मोकळीक तिथूनच येते. वेगळेपण नसेल तर किंमत बाजार ठरवतो, तुम्ही नाही. तुमच्यापैकी एकीला किंमत दहा टक्के उतरवावीशी वाटते, कारण ग्राहकाला तुमची बॅग आणि शेजारची बॅग सारखीच दिसते आहे. त्याच्याकडे निवडायला किंमत सोडून दुसरे काही नाही.

सगळ्या बॅगा सारख्या का दिसतात? १९२९ मध्ये हॅरल्ड हॉटेलिंग यांनी याचे सुरेख उत्तर दिले. एका सरळ रस्त्यावर दोन विक्रेते आहेत आणि ग्राहक रस्ताभर सारखे विखुरलेले आहेत. प्रत्येक विक्रेता दुसऱ्याची थोडी गिऱ्हाइके ओढायला त्याच्याकडे सरकतो, आणि शेवटी दोघे रस्त्याच्या मध्यभागी पाठीला पाठ लावून उभे राहतात. मालाचेही तसेच होते. 'सगळ्यांना चालेल असे' करता करता सगळे करड्या रंगाची, दोन कप्प्यांची, यूएसबीचे भोक असलेली तीच बॅग बनवतात. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोंत मला हेच दिसले. काम सफाईदार आहे, पण तुम्ही मध्यभागी उभ्या आहात.

वेगळेपण शोधायला बैठक घेऊन नवीन कल्पना सुचवू नका. जुनी, तुटलेली बॅग शोधा. काही वर्षांपूर्वी प्रवासी बॅगांच्या एका कामासाठी मी बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराजवळ तीन दुपारी बसले होते. मला वाटत होते की बहुतेक तक्रारी चेनच्या असतील. चेनचा रनर सैल झालेल्या बॅगा होत्याच, पण माणसे चिडून यायची ती पट्ट्यामुळे. त्या कारागिराने एक बॅग उलटी करून अस्तर बाजूला सारले आणि पट्टा जिथे पाठीत शिवलेला असतो ती जागा दाखवली. धागा शाबूत होता! कापडाचा कच्चा काठ विरत विरत टाक्यांमधून निसटला होता. लोक बॅग एका खांद्यावर लटकवतात, सगळे वजन त्या एका कोपऱ्यावर येते, आणि काठ आत अगदी थोडा घेतलेला असतो. उपाय त्याला तोंडपाठ होता: पट्ट्याचे टोक आत खोल घ्यायचे, कापडाच्या काठाला पट्टी मारायची आणि वरून आडव्या दाट टाक्यांची बारटॅक घालायची. बॅग विकणाऱ्याला हे माहीत नव्हते, कारण त्याच्याकडे फक्त नव्या बॅगा होत्या.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आले आहे: 'आम्ही पट्ट्याची शिलाई तीन वेळा करून घेतो, त्यामुळे मजुरी जास्त पडते.' ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुमच्या अडखळण्याचे उत्तर तिथे असू शकते, आणि तुम्ही ते खर्चाच्या रकान्यात लिहून ठेवले आहे.

तुम्हाला वाटेल, हे तर इतर चांगले कारागीरही करत असतील. असतीलही. क्लॉड हॉपकिन्स हे जाहिरातकार श्लिट्झ या बिअर कंपनीसाठी काम करत होते. कारखान्यात बाटल्या वाफेने कशा धुतात, हवा गाळून कशी घेतात, पाणी किती खोलवरून काढतात हे पाहून ते थक्क झाले. मालक म्हणाले, यात सांगण्यासारखे काय, सगळेच असे करतात. हॉपकिन्स यांनी नेमके तेच सांगितले, कारण दुसऱ्या कोणीही ते सांगितलेले नव्हते. त्यांनीच नंतर लिहिल्याप्रमाणे पाचव्या क्रमांकावरची ती कंपनी काही महिन्यांत पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला आली. पण ही पायरी पहिल्याने चढायची असते. दुसऱ्याने तेच सांगितले तर तो नक्कल करणारा ठरतो. म्हणून सांगायचे असेल तर या हंगामात सांगा.

हाती आलेला फरक कामाचा आहे का, हे पाहताना मी एवढेच विचारते: तो नसला तर ग्राहकाला दुखते का, आणि असला तर त्याच्या हातात ठेवून दाखवता येतो का? 'उत्तम दर्जा', 'आधुनिक रचना' हे शब्द इथे गळून पडतात. पट्टा तुटून लॅपटॉप जमिनीवर आदळणे मात्र दुखते, आणि शिलाई उलटी करून दाखवता येते.

आता किंमत. खर्च अधिक नफा अशी बेरीज करून किंमत काढणे चुकीचे नाही, पण त्यातून फक्त तळ कळतो, म्हणजे कुठल्या किमतीखाली जायचे नाही ते. वरची मर्यादा ग्राहकाच्या मनातल्या तुलनेत असते. लॅपटॉपच्या बॅगेची तुलना तो दुसऱ्या बॅगेशी करतो तोवर तुम्ही शंभरीच्या आसपास अडकलेल्या राहणार. तीच तुलना आत ठेवलेल्या यंत्राशी झाली, तर दहा-पंधरा जास्त देणे त्याला सहज वाटते. तुलना कशाशी व्हावी हे विक्रेत्याने सुचवायचे असते. आपण सुचवले नाही तर ग्राहक सगळ्यात सोपी तुलना करतो, आणि ती शेजारच्या किमतीशी असते.

कधीकधी आकडा तोच ठेवून तो मागायची रीत बदलली तरी बाजार उघडतो. झेरॉक्सचे ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये आले तेव्हा विकत घ्यायला कार्यालयांना फार महाग होते. कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले. त्यात २,००० प्रती धरलेल्या होत्या आणि पुढच्या प्रत्येक प्रतीला ४ सेंट. यंत्र महाग आहे हा विचारच मागे पडला आणि प्रतींची सवय लागली. बॅग भाड्याने द्या असे मी सांगत नाही. पण 'पट्टा उसवला तर पाच वर्षे मोफत शिवून देऊ' ही सुद्धा किमतीचीच रचना आहे. तीनदा शिवलेला पट्टा क्वचितच परत येणार, म्हणजे तुम्हाला ते स्वस्त पडते. एकदाच शिवणाऱ्याला तेच वचन परवडत नाही. ह्युंदाईने १९९८ मध्ये अमेरिकेत गाडीच्या इंजिनाला आणि त्याच्या यंत्रणेला १० वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी दिली. स्वस्त आणि कच्ची गाडी अशी त्यांची ख्याती झालेली असताना एवढी लांब हमी कोणी उगाच देणार नाही, हे खरेदीदाराला कळत होते.

दोन किमतींच्या दोन बॅगा ठेवाव्यात का, असेही तुम्ही विचारले आहे. ठेवा, पण स्वस्त बॅग मुद्दाम वाईट करू नका. ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्येच लिहिले होते की रेल्वेचे तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे ठेवतात ते छपराचा खर्च वाचवायला नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. हे चालते, पण त्यात गरीब प्रवाशाला मुद्दाम भिजवायचे असते. तुमच्या पट्ट्याची शिलाई दोन्ही बॅगांत तीच राहिली पाहिजे. फरक जादा कप्प्यात, पावसाच्या आवरणात, आकारात ठेवा. ९९ वर संपणारी किंमत ठेवावी का, यावर माझे मत एवढेच: स्वस्ताईवर विकणाऱ्याने ठेवावी, तुम्ही सरळ आकडा लिहा.

जाहिरातीबद्दल मी सगळ्यात शेवटी लिहिते आहे, कारण ती शेवटीच येते. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मालाच्या गुणांत एक साधा भेद केला: काही गुण घेण्याआधी पाहून कळतात, काही वापरल्यावरच कळतात. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला, वापरूनही नीट न कळणारे. दुरुस्तीचे काम खरेच गरजेचे होते का, हे गाडीमालकाला कधी कळते? बॅगेचा रंग, वजन, कप्पे पहिल्या प्रकारात येतात. शिलाईची ताकद दुसऱ्या प्रकारात येते. तुमच्या आतापर्यंतच्या जाहिराती मी पाहिल्या. त्या सगळ्या पहिल्या प्रकाराच्या गुणांवर आहेत, म्हणजे जिथे तुम्ही इतरांसारख्याच आहात. म्हणून लोक पाहतात आणि जातात. तुमच्या जाहिरातीचे खरे काम वापरल्यावर कळणारा गुण आधीच डोळ्यांना दाखवणे हे आहे.

हे फार सुंदर पद्धतीने झालेले एक उदाहरण सांगते. डॉयल डेन बर्नबाख या संस्थेने १९६० च्या सुमारास फोक्सवॅगनची एक जाहिरात केली. गाडीचा साधा काळापांढरा फोटो आणि खाली 'सदोष गाडी' अशा अर्थाचा एकच शब्द. मजकूर वाचला की कळते, ही गाडी तपासणीत नाकारली गेली, कारण आतल्या छोट्या कप्प्यावरच्या क्रोमच्या पट्टीवर डाग होता. 'आमची तपासणी कडक आहे' हे वाक्य कोणीही लिहिले असते. डाग पडलेली पट्टी दाखवल्यावर वाचणारा स्वतःच म्हणतो, एवढ्याशा पट्टीसाठी गाडी नाकारतात तर इंजिन काय पाहत असतील. त्याने स्वतः काढलेला निष्कर्ष तो सहसा विसरत नाही.

तुमच्या हातात अशी पट्टी आहे. एक बॅग उलटी करा, अस्तर कापा, पट्ट्याच्या जोडाचा जवळून फोटो घ्या. शेजारी काही महिने वापरून उसवलेल्या साध्या बॅगेचा तोच कोपरा ठेवा, कोणाचेही नाव न घेता. खाली लिहा: 'बॅग इथे तुटते. म्हणून आम्ही इथे तीनदा शिवतो.' त्याखाली पाच वर्षांचे वचन आणि किंमत. बस. मॉडेल, डोंगर, विमानतळ काही नको.

किती खर्च करायचा? सध्याचा आहे तेवढाच ठेवा आणि फक्त मजकूर बदला, म्हणजे फरक मजकुराने पडला हे तुम्हाला कळेल. किंमत, फोटो आणि माध्यम एकदम बदलले तर विक्री वाढूनही तुम्ही काही शिकणार नाही. सहा-आठ आठवडे थांबा. बॅग माणूस काही वर्षांतून एकदा घेतो, म्हणजे आज पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना आज बॅग नकोच आहे. त्यांचा पट्टा तुटेल त्या दिवशी तुमचा तो उलटा केलेला कोपरा आठवला पाहिजे. त्यासाठी तोच फोटो, तेच वाक्य पुन्हा पुन्हा दिसू द्या. आपल्याला स्वतःच्या जाहिरातीचा कंटाळा ग्राहकाच्या खूप आधी येतो, आणि कंटाळून चांगली जाहिरात बदलणारे मी फार पाहिले आहेत.

नक्कल होण्याची भीती तुम्ही लिहिली आहे. होईलच, बारटॅक घालायला कोणाची परवानगी लागत नाही. व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट बनवला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना खुले केले. आज तो प्रत्येक गाडीत आहे. तरी सुरक्षित गाडी म्हटले की त्याच कंपनीचे नाव पुढची कित्येक दशके निघत राहिले, कारण त्या एका गुणावर ते वर्षानुवर्षे काम करत आणि बोलत राहिले. तुम्हीही पट्ट्यावर थांबू नका. पुढच्या वर्षी चेनच्या रनरकडे पाहा.

जुना साठा जो पडून आहे, त्याचे काय करायचे हे राहिले. तो मुख्य बॅगेच्या शेजारी सवलतीत मांडू नका. आधी घेतलेल्या ग्राहकांना एकदाच, वेगळे पत्र पाठवून, 'हे जुने मॉडेल आहे, पुन्हा येणार नाही' असे सांगून विका. त्याच पत्रात त्यांना विचारा की त्यांची आधीची बॅग कुठे तुटली होती आणि ती अजून घरात असेल तर फोटो पाठवतील का. आलेले फोटो मलाही पाठवा. पट्टा हा माझा अंदाज आहे. त्या फोटोंत दुसराच कोपरा पुन्हा पुन्हा दिसला, तर जाहिरातीतला कोपराही तोच ठेवायचा.